अडखळलास की काढून टाक

फोन आला तेव्हा माझा हात कोपराच्या वरपर्यंत एका म्हशीच्या आत होता. आरे कॉलनीत मी पशुवैद्य आहे, आणि म्हैस गाभण आहे की नाही ते बघायची आमची रीत तीच. ऑफिसातले शेलार गोठ्याच्या दारात येऊन म्हणाले, "डॉक्टर, बोरीवलीहून फोन होता. मधुकर परब म्हणून कोणी... सकाळी वारले." मी "बरं" म्हटलं. तपासणी पुरी केली, गवळ्याला "तीन महिने" सांगितलं, नळावर हात धुवायला गेलो आणि धूतच राहिलो. शेवटी गवळ्यानंच नळ बंद केला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस दाढी करता करता खाली बसतो आणि उठतच नाही... पाच आठवडे झाले, अजून माझ्या डोक्यात ते शिरत नाही. आदल्या शनिवारी तर त्यानं मला नेहमीसारखं झापलं होतं.

मधू दुसऱ्यांसाठी लिहायचा. कुणाचं आत्मचरित्र, कुणाची भाषणं, एका कीर्तनकारबुवांची पुस्तकं, सोसायटीच्या चेअरमनचं रौप्यमहोत्सवी मनोगत. नाव त्यांचं, हात याचा. बोरीवलीच्या दीड खोलीत खिडकीशी एक वेताची खुर्ची होती, तिच्यात गिऱ्हाईक बसायचं. मधू समोर पलंगावर मांडी घालून ऐकायचा, एक अक्षर टिपून घ्यायचा नाही. आठवड्यानं लिहिलेली पानं तो गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचा आणि म्हणायचा, "मोठ्यानं वाचा." स्वतः निळी पेन्सिल घेऊन बसायचा. वाचणारा ज्या वाक्याला अडखळला, ते वाक्य त्याचं नाही, मधूचं आहे, असा त्याचा हिशेब. लगेच काट. मग ते वाक्य कितीही झकास असो. एक बिल्डर 'मी गरिबीचे चटके सोसले' या वाक्याला दोनदा अडखळला, मधूनं ते उडवलं. बिल्डर भडकला. "अहो, पण मी सांगितलंय ना तुम्हाला." मधू म्हणाला, "सांगितलंत. पण जिभेवर बसत नाही तुमच्या." ते पुस्तक चटक्यांशिवायच छापलं गेलं.

आता जे लिहायचं ते लिहून टाकतो. या पुरवणीत सहा वर्षं माझ्या नावानं गोठ्यातल्या गोष्टींचं सदर येतं. तुम्ही मला पत्रं लिहिता, भाषा गोड आहे म्हणता. त्यातली एकही ओळ मी लिहिलेली नाही. ते सगळे लेख मधुकर परब यांनी लिहिले. शेजाऱ्यांकडे रंगीत टीव्ही आला त्या वर्षी संपादकांनी मला सहज विचारलं, मी हौसेनं हो म्हटलं आणि तीन रात्री कागदापुढे गुरासारखा बसून राहिलो. मग कुणीतरी मधूचं नाव सुचवलं. दर शनिवारी मी त्या वेताच्या खुर्चीत बसून बोलायचो. पहिल्याच लेखात त्यानं लिहिलं होतं की रेडकू मेलं तेव्हा म्हशीच्या डोळ्यांत अश्रू तरळले. मी तिथे अडखळलो. "काय झालं रे?" "अरे, म्हशीच्या डोळ्यातून पाणी येतं ते माश्यांनी." मधू पोट धरून हसला आणि पेन्सिल फिरवली. "मग काय केलं तिनं?" मी म्हटलं, काही नाही, दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही. "हेच लिहू." त्या वाक्यावर तुमची सर्वांत जास्त पत्रं आली. मी ती मधूला वाचून दाखवायचो आणि तो दुसऱ्या कुणाचं कौतुक ऐकावं तसा खूष व्हायचा. एकदा मी म्हटलं, तुझं नाव घालूया की रे. तो म्हणाला, "गप. मग पुढच्या शनिवारी कोण खरं बोलेल माझ्याशी?"

स्मशानात जे झालं त्यानं मी अजून हादरलेलो आहे. माणसं बरीच जमली होती. बिल्डर होता, बुवा होते, चेअरमन होते. मधूचे थोरले बंधू गावाहून आले होते. भावाचा धंदा नेमका काय हे त्यांना कधी कळलं नव्हतं. ते बिचारे एकेकापुढे हात जोडून विचारत होते, "तुमी मधूचे कोण लागतास?" बिल्डर म्हणाला, ओळखीचे. चेअरमन म्हणाले, याच भागातले. ज्यांचं आयुष्य मधूनं शब्दाशब्दानं उभं केलं, ते बुवा म्हणाले, "मी आपला असाच आलो." मला मनातून संताप आला, वाटलं, काय ही माणसं. मग दादा माझ्यापुढे आले. "आणि तुमी?" मी म्हटलं, "मी आरेत असतो. दुधाची ओळख." ...दुधाची ओळख. मधूकडे दूध समोरच्या गुजराती डेअरीतून यायचं. दादा मान हलवून पुढे गेले. त्यांना वाटलं असणार, माझ्या भावाला अख्ख्या मुंबईत जवळचं असं कुणी नव्हतं.

तेराव्याला मी मधूच्या बायकोला, सुनंदावहिनींना, हे सांगितलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टर, वीस वर्षं लिहीत होते. त्यांचं नाव कुठेही छापलेलं नाही. लग्नपत्रिकेत होतं तेवढंच." मग म्हणाल्या, "एकदा छापून येऊ दे. दादांना पाठवीन." हे लिहिलं की सदर गेलं आणि माझं नावही गेलं, हे मला दिसत होतं. दोन आठवडे मी टाळाटाळ केली. मग संपादकांना जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लिहून आणा. या वेळी तुम्हीच."

ही माझी पहिली पानं. काल ती घेऊन बोरीवलीला गेलो. खोली तशीच आहे, उशीजवळ निळी पेन्सिलसुद्धा. मी खुर्चीत बसलो. वहिनी पलंगावर मधूच्या जागी बसल्या आणि म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा." म्हशीपाशी नीट वाचलं, बिल्डरपाशीही वाचलं. पण 'ते सगळे लेख मधुकर परब यांनी लिहिले' इथे जीभ अडली. पुन्हा वाचलं, पुन्हा अडली. सहा वर्षांची सवय... माझा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. वहिनींनी ती उचलून पदराखाली घेतली.

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

सातव्या वेळी नीट वाचता आलं.