कानामागचा काजवा

अंधारकाका हे नाव त्यांना प्रयोगशाळेनं दिलं आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. काम काय, तर अंधार सांभाळायचा! तळघरातल्या त्या खोलीत रोपं कोंब फुटल्यापासून मिट्ट काळोखात वाढायची. दाराला दोन काळे पडदे, फटींवर काळी चिकटपट्टी, आणि पाणी घालताना काय तो एक मिणमिणता लाल दिवा. लाल उजेडाकडे रोपं ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना आपल्याकडे वळवतो तो निळा, आणि निळ्याची तिरीपसुद्धा काकांनी आजवर आत येऊ दिली नव्हती.

तिथली संशोधक ताई वयानं नातीएवढी, पण काकांशी तिचं मेतकूट. एकदा ती म्हणाली, "काका, निळा उजेड ओळखणारा एक तुकडा असतो प्रथिनात. गव्हात आहे, शेवाळात आहे, बुरशीत आहे, कितीतरी जिवाणूंतही आहे. सगळे तुकडे एकाच कुळातले."

"म्हणजे पावावरची बुरशी आणि पावातला गहू भाऊबंद?"

"लांबचे. लग्नाला बोलावण्याइतके नाहीत."

काका आठवडाभर हा विनोद सांगत हिंडले.

तर ज्या रोपांत हा तुकडाच बिघडलेला, ती आंधळी म्हणायची. अशा काही आंधळ्यांना ताईनं शेवाळाचा तुकडा बसवला. आधी अंधारात सरळ वाढवायची, मग एका बाजूनं निळा दिवा दाखवायचा. दिव्याकडे वाकली की जिंकलो! दिव्याच्या दिवशी ताई आत गेली, तर रोपं आधीच वाकडी. सगळ्यांच्या माना काकांच्या स्टुलाकडे.

"उजेड शिरलाय कुठून तरी," एवढंच म्हणून ती बाहेर पडली. शेजारच्या ट्रेमध्ये तुकडा न बसवलेली आंधळी रोपं होती, त्यांच्याकडे तिनं पाहिलंही नाही. प्रयोगशाळेचे साहेब मात्र बोलले, "काकांचं वय झालं. आता गेटवर बसू दे त्यांना."

काकांनी कुलपाच्या भोकापासून छताच्या कोपऱ्यापर्यंत सगळं चाचपलं. फट काही सापडेना. दुसऱ्या दिवशी सुट्टी. दुपारी काकूंनी पडदे ओढून त्यांना जबरदस्तीनं आडवं केलं आणि खुदकन हसल्या. "अहो, कानामागे काजवा पाळलाय की काय?"

ऐकू यायचं नवीन यंत्र! नातीनं हट्टानं बसवून दिलेलं. त्याच्यावर कणभर निळा दिवा लुकलुकत होता, आणि काका रोज तासन् तास स्टुलावर बसून रोपांशी गप्पा मारत होते.

"काढून ठेवा उद्या, कुणाला कळणारही नाही," काकू म्हणाल्या.

"मला कळलंय ना, अगं!"

सकाळी त्यांनी यंत्र ताईच्या हातावर ठेवलं. "पोरी, उजेड मीच नेला गं आत. मी जातो गेटवर."

ताईनं तो ठिपका पाहिला आणि काकांचा हात धरून त्यांना खालीच ओढत नेलं. लाल दिव्यात ती शेजारच्या ट्रेवर वाकली. त्यातली रोपं पट्टीनं आखल्यासारखी सरळ. आणि शेवाळाचा तुकडा बसवलेली? एकूण एक स्टुलाकडे वळलेली. ताई भराभर बोलू लागली, पण यंत्र तर तिच्याच मुठीत. काकांना ओठ तेवढे हललेले दिसले.

"काय म्हणतेस?"

तिनं फटींवरच्या त्याच काळ्या पट्टीचा नखाएवढा तुकडा फाडला, निळ्या ठिपक्यावर दाबून बसवला आणि यंत्र स्वतः त्यांच्या कानामागे अडकवलं.

"म्हणतेय, त्यांना दिसायला लागलं, काका! एवढासा दिवा, तोही दिसला. आता नवीन ट्रे लावू, नीट. साहेबांना मी सांगते. अंधार तुम्हीच सांभाळायचा."

काका स्टुलावर टेकले. वाकलेल्या रोपांकडे बघून पुटपुटले, "लबाडांनो, मला वाटलं गप्पा ऐकायला वळलात!"