वळचणीतली करवंटी

फणसाच्या आठळ्या कोपऱ्यात टाकत जावं आणि पावसाळ्यात बघावं तर ढीग झालेला, तसे हे किस्से साठलेत. मला लिहिता येत नाही. मी बोलते, नात उतरवते. मधेच तिचं पेन थांबतं. थांबू दे.

गिरण्यांचा संप चालला होता, तेव्हाची गोष्ट. दुपारी आमच्या घरापुढच्या खळ्यात आम्ही कोकमांसाठी रातांबे फोडायला बसायचो. मी, शेजारची काशी आणि माझी विधवा नणंद, आक्का. सून सुनंदा रत्नागिरीच्या लायब्ररीतून पुस्तकं आणायची आणि मोठ्यानं वाचायची. तिची अट एकच, "आई, नुसतं रडायचं नाही. पुस्तक संपलं की एक तरी गोष्ट बदलायची!"

"बदलू की!" आम्ही म्हटलं. बोलायला काय जातं?

*

पहिल्या पुस्तकातली बाई जन्मभर नवऱ्यामागून जेवते. काशी फणकारली, "यात छापण्यासारखं काय आहे? हे माझं रोजचंच!"

दुसऱ्या दिवशी तिनं आपलं ताट आधी वाढून घेतलं. संपामुळे मुंबईहून गावी आलेला नवरा दारात उभा राहून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "काशे, बरं नाही काय गो? डॉक्टरला बोलवू?"

आम्ही पोट धरधरून हसलो. काशी नाही हसली. म्हणाली, "वीस वर्षांत पहिल्यांदा बघितलंन मला जेवताना."

*

दुसरं पुस्तक एका विधवेचं. वाचता वाचता सुनंदानं दोन पानं एकदम उलटली. मला अक्षर येत नाही, पण पान कळतं!

"मधलं कुठं गेलं गो?" मी विचारलं.

तिनं पुस्तक मिटायला घेतलं. तशी आक्का म्हणाली, "वाच गो बायो. माझ्यानं भोगवलं, तुझ्यानं वाचवत नाही?"

*

त्या पुस्तकापायी ठरलं, की चैत्रातल्या हळदीकुंकवाला आक्काला बसवायचं. घरातच राहणारी बाई, पण त्या दिवशी मागच्या दारी असायची. त्या वर्षी धुवट लुगडं नेसून पुढे येऊन बसली. मी कुंकवाचा करंडा घेऊन फिरत फिरत तिच्यापाशी आले आणि हात अडला. काय करू? करंडा ठेवला आणि तिला कैरीची डाळ वाढली. परत एकदा वाढली.

"वैनी," आक्का म्हणाली, "डाळ पोटभर झाली. आता कपाळाचं बघ!"

सगळ्या हसल्या. कुंकू शेवटी सुनंदानं लावलं. मी आपली पन्हं ढवळत होते.

*

तिसरं पुस्तक गावकुसाबाहेरच्या एका पोराचं. तहानेनं पोराचा जीव चाललाय, विहिरीवर बायका उभ्या, आणि कुणी त्याला पाणी घालीना. आमच्या डोळ्यांना धारा! रातांब्यांनी लाल झालेल्या हातांनी डोळेही पुसता येईनात.

"माणसं की राक्षस?" काशी म्हणाली.

"आपल्याकडे नाही हो असलं काही," मी म्हटलं.

पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या वाडीतली पार्वती तेव्हा कुंपणाच्या वईपाशी बसून आमची तांदूळ धुवायची फाटकी रोवळी सांधत होती. तिनं हाक दिली, "वैनीनू, वाईच पाणी द्या."

मी उठले, हात धुतले, तांब्या भरला. तिच्यासाठी म्हणून एक करवंटी गोठ्याच्या वळचणीत खोचलेली असायची. ती तिनं आपणच काढली आणि पुढे धरली. मी वरून धार सोडली. तांब्या करवंटीला लागू दिला नाही. हाताला काही सांगावं लागलं नाही.

वाचणं थांबलं होतं. काशीच्या हातात रातांबा तसाच. पाण्याचा काय तो आवाज.

पार्वती पाणी प्यायली. पदरानं तोंड पुसलं, करवंटी झटकून पुन्हा वळचणीत खोचली, आणि सुनंदाकडे वळून म्हणाली,

"थांबलात का? वाचा की पुढे. त्या पोराला पाणी मिळालं काय?"