धनेशच्या हातातला नंबर

पळस्प्याच्या अलीकडच्या गावात धनेश घरतला लोक अर्धा डॉक्टर समजत, आणि खरं सांगायचं तर धनेशलाही ते वाईट वाटत नसे. पनवेलच्या एका मोठ्या इस्पितळात तो बिलांच्या खोलीत बसायचा. ऑपरेशनमध्ये काढलेला अवयव बरणीतून तपासणीला प्रयोगशाळेत जायचा, आणि त्या तपासणीला बिलासाठी एक ते सहापैकी एक कोड द्यायचं काम धनेशचं. अपेंडिक्सला तीन, गाठीसाठी काढलेल्या आतड्याला सहा, असं सगळं त्याला तोंडपाठ. तपासणाऱ्या डॉक्टरला किती खपावं लागलं एवढंच तो आकडा सांगतो, आजाराशी त्याचा काही संबंध नाही, हे तो गावाला सांगून सांगून थकला होता.

गाव ऐकेल तर ना! गणूच्या अपेंडिक्सला तीन नंबर पडला आणि गणू पुढच्या लग्नसराईत हळदीला बेभान नाचला. काशिरामनानांच्या आतड्याला सहा पडला आणि नाना दिवाळी बघायला राहिले नाहीत. झालं, गावाने ठरवून टाकलं की सहा म्हणजे आटोपलं. तेव्हापासून कुणाचंही ऑपरेशन झालं की रिपोर्ट राहायचा बाजूला, आधी धनेशला फोन, नंबर काय पडला. एकदा वैतागून त्याने न बघताच एका मावशीला तीन म्हणून सांगितलं. मावशी इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण घरपोच आलं. धनेशने ते मिटक्या मारत खाल्लं. पुढे पुढे त्याने समजावणं सोडून दिलं.

मग हे सगळं त्याच्याच घरात शिरलं. आई, भामाबाई, पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली, तिला पुन्हा रक्त जाऊ लागलं. तिने ते लपवलं. सुनेच्या, म्हणजे धनेशच्या बायकोच्या, पूर्वीच्या, लक्षात आलं म्हणून बरं, मुलाला तर सगळ्यात शेवटी कळलं. छोट्या तपासणीत नीट उलगडा होईना, तेव्हा धनेशच्याच इस्पितळात तिचं गर्भाशय काढलं आणि बरणी खाली प्रयोगशाळेत गेली.

धनेशच्या संगणकावर आईचं नाव आलं. कोडाचा रकाना मोकळा होता. गर्भाशयाचा नियम त्याला पाठ होता: खाली घसरलं म्हणून काढलं तर चार, इतर कारणाने पाच, आत गाठ वाईट निघाली तर सहा. पाठ होता, पण कळला त्या दिवशी. इथे नंबर आजारावरूनच ठरत होता. मग इतकी वर्षं आपण गावाला काय सांगत होतो? गाव बरोबर होतं का? सहा म्हणजे आटोपलं हे खोटं, एवढं त्याला ठाऊक होतं, पण कशावरून ठाऊक, ते सांगता येईना. सहा पडलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हे बिल गेल्यावर त्याने कधी विचारलंच नव्हतं.

वर वॉर्डात गेला तर आईने नंबरच विचारला. रिपोर्ट आल्याशिवाय नंबर पडत नाही, असं तो म्हणाला, तर ती हसली.

"तूच टाकतोस ना? मंग टाक तीन."

आपला मुलगा नंबर देतो, हे तिने शेजारच्या खाटेलाही सांगून ठेवलं होतं. काय समजावणार? तो खाली आला, रकान्यात तीन टाकला, बराच वेळ त्याकडे बघत बसला आणि पुसून टाकला.

रिपोर्ट आला. तपासणाऱ्या हेतल मॅडमनी त्याला बोलावून घेतलं. कॅन्सर आहे, पण लवकर सापडलाय, खोल गेलेला नाही, पुढचे उपचार घेतले तर आशा चांगली आहे, असं त्या सावकाश सांगत होत्या. धनेश सगळ्याला हो मॅडम, हो मॅडम करत होता. शेवटी त्याने एकच विचारलं, म्हणजे सहाच ना? मॅडमना काही समजलं नाही. बिलातलं मला कळत नाही, म्हणाल्या.

शेजारच्या टेबलावरच्या कल्पेशने विचारलं, मी भरू का? नको म्हणून धनेशने स्वतः सहा टाकला. त्याला भीती वाटत होती, आणि कशाची ते त्यालाच धड कळत नव्हतं.

आईला त्याने नंबर खरा सांगितला. लवकर सापडलं, उपचार आहेत, मॅडम चांगल्या आहेत, असं सगळं उलटसुलट सांगितलं, फक्त एक शब्द गाळून. मग तिने त्याची बोटं हातात घेतली.

"तुलाच टाकाला लागला का रं, बाला?"

धनेशला रडू कोसळलं. तेवढ्यात घरून बायकोचा फोन आला, आणि तिनेही आधी नंबरच विचारला. त्याने आईकडे पाहिलं. आईने हाताची पाच बोटं वर केली. पाच सांग.

"कॅन्सर हाय," तो फोनवर म्हणाला. "लवकर सापडलाय. बरी होईल, पण उपचार लगेच सुरू करायचे. नंबराचं कुणाला सांगू नको."

आईची पाच बोटं तशीच वर राहिली. मग तिने हात खाली घेतला आणि त्याला बसायला खाटेवर जागा करून दिली.