जखमी, सरावापुरता

नाव: श्री. चिमाजी पुंजा थेटे. वय: साठीच्या किंचित अलीकडे. राहणार: गिरणारे रस्ता, ता. व जि. नाशिक. शिक्षण: जुनी सातवी. व्यवसाय: शेती (झेंडू, शेवंती, बांधाला कोथिंबीर). 'रविवार डोंगर मंडळ' या संस्थेच्या वार्षिक प्रथमोपचार शिबिरातील पद: जखमी. पदाचे स्वरूप: मानद. कर्तव्ये: पाठीवर पडून राहणे, न हलणे, न बोलणे, उचलल्यास उचलू देणे. वजन: उचलणाऱ्यास घाम फुटेल इतपत. सदर इसम हे काम समाधानकारकरीत्या करीत असून त्यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. जखमीस प्रमाणपत्र देण्याची तरतूद नाही.

आता हे पद काही जाहिरात देऊन भरलेलं नव्हतं. चिमाजींना ते मिळालं ते मुलामुळे.

अश्विन त्यांचा एकुलता एक. सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी, आठवडाभर पाळ्या, आणि रविवार उजाडला की पाठीला पिशवी. नाशिकच्या पश्चिमेला डोंगर इतके आहेत की माणूस नोकरी सांभाळून ते संपवू शकत नाही, आणि अश्विनला ते संपवायचे होते. दिवाळीनंतरच्या एका रविवारी, गवत वाळून निसरडं झालेलं असताना, घोडकड्यावर त्याचा पाय सरकला. त्या दिवशी मंडळाकडे दोर होते, हेल्मेट होती, फोटो काढणारा ड्रोन होता, सगळ्यांच्या अंगात एका रंगाचे टी-शर्ट होते. पडलेल्या माणसाचं पुढे काय करायचं हे माहीत असलेला तेवढा कोणी नव्हता. मित्रांनी त्याला हातापायांना धरून, खांद्यावर घेऊन, जीव तोडून खाली आणलं. त्यांत पुढे होता अमित, अश्विनचा शाळेपासूनचा सोबती.

यानंतर मंडळाने घटनेची गंभीर दखल घेतली. दखल ही चीज नेहमी नंतरच घेतली जाते. आधी घेतली तर तिला नुसतं शहाणपण म्हणतात आणि त्याची बातमी होत नाही. वर्षश्राद्धाच्या सुमारास अश्विनच्या स्मरणार्थ पहिलं प्रथमोपचार शिबिर भरलं. प्रमुख पाहुणे चिमाजी. शाल, नारळ, दोन शब्द. दोन शब्द काही त्यांना सुचले नाहीत.

शिकवायला पायल आली होती. देवळाली कॅम्पातल्या निवृत्त सुभेदाराची मुलगी, इस्पितळाच्या तातडीच्या विभागात परिचारिका, आवाज वडिलांवर गेलेला. तिला सरावासाठी एक जखमी हवा होता. पोरं आळीपाळीनं आडवी झाली, पण हात लावला की खिदळायची. "गुदगुल्या होतात, मॅडम." मग अमित झोपला. त्याच्या मानेला पायलचा हात लागला मात्र, तो ताडकन उठून मंडपाबाहेर गेला आणि परत आला नाही.

चिमाजींनी खांद्यावरची शाल काढली, घडी घातली, तिच्यावर नारळ ठेवला आणि सतरंजीवर आडवे झाले.

"मी झोपतो, ताई. मला कोणी गुदगुल्या करीत नाय."

डोळे मिटून ते ऐकत राहिले. आधी हाक मारा. श्वास चालू आहे का बघा. एकशे आठला फोन करा. मान हलू देऊ नका. वळवायचं असेल तर एकानं डोकं धरा, बाकीच्यांनी अंग, आणि सगळं एकदम, ओंडका वळवावा तसं, कुशीवर. मग पायल म्हणाली, "आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा घालायचा नाही. त्याला गिळता येत नसतं. पाणी पोटात जात नाही, श्वासनळीत जातं. माणूस जमिनीवर बुडतो."

त्या वेळी जखमीच्या चेहऱ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. जखमीच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवायचं असतं, हे पुढच्या धड्यात होतं.

अश्विन पडला त्या रविवारी पोरांनी आधी घरी फोन केला होता. घोडकडा मळ्यापासून जवळ. बाजाराला फुलं न्यायची पिकअप घेऊन चिमाजी आणि त्यांची बायको सिंधुबाई रुग्णवाहिकेच्या आधी पोचले. मुलगा पडला एवढंच कळल्यावर घरातून निघताना बाईनं काय घ्यावं? सिंधुबाईंनी पाण्याचा तांब्या घेतला. पदराखाली धरून, त्या हाडं खिळखिळी करणाऱ्या रस्त्यावर थेंब सांडू न देता त्यांनी तो आणला.

अश्विन पायथ्याच्या करंजाच्या झाडाखाली उताणा होता. श्वास चालू होता, घोरल्यासारखा. आईनं डोकं मांडीवर घेतलं. ओठ वाळलेले. भोवती मित्र, गुराखी, रस्त्यानं जाणारे दोघे-चौघे. सगळे एका आवाजात म्हणाले, पाणी पाजा, पाणी पाजा. चिमाजीही म्हणाले. सिंधुबाईंनी तांब्या लावला. घशात गुळगुळ वाजलं.

"घेतला! घोट घेतला माझ्या लेकानं!"

रुग्णवाहिका शहराच्या हद्दीत शिरायच्या आत सगळं संपलं होतं. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "पाणी पाजलं होतं का कोणी?" का विचारतात ते चिमाजींना कळलं नाही, पण विचारण्याचा सूर असा होता की "नाय" हे उत्तर बरं वाटलं.

सिंधुबाई दुःखातून उठल्या त्या एका वाक्याला धरून. भेटायला येईल त्याला त्या सांगत, "गेला, पण तान्हेला नाय गेला. माझ्या हातचं पाणी पिऊन गेला." हे सांगता सांगता त्या पुन्हा चुलीपाशी गेल्या, पुन्हा फुलं खुडू लागल्या. दर सकाळी तोच तांब्या घासून, भरून मुलाच्या फोटोपुढे ठेवायचा, दिवेलागणीला ते पाणी शेवंतीच्या ओळीला घालायचं. राग होता तो अमितवर. यानंच नेलं माझ्या पोराला डोंगरावर, म्हणून त्याच्याशी त्या बोलत नसत.

पहिल्या शिबिराच्या शेवटी, मंडप सोडत असताना, चिमाजींनी पायलला गाठून विचारलं होतं, "एखाद्याच्या डोक्याला मार लागला, नि कोणी पाणी पाजलं. नसतं पाजलं तर वाचतो का?"

पायल म्हणाली, "नाही सांगता येत, काका. मार कसा होता त्यावर आहे. वाचलाही असता, नसताही."

'नसताच वाचला' म्हणाली असती तर ते घरी जाऊन जेवले असते. 'वाचला असता' म्हणाली असती तर मोकळेपणी रडले असते. तिनं खरं सांगितलं, आणि खऱ्याचं काय करायचं याचा धडा शिबिरात नव्हता.

तेव्हापासून ते दरवर्षी येऊन झोपतात. मंडळाला वाटतं, बाप मुलाचं नाव चालवतो आहे. तसं असेलही. पण एवढं माहीत असून गप्प राहायला घरात जागा नव्हती, आणि इथे गप्प राहणं हेच काम होतं.

यंदा मंडळाने शिबिर गावातच ठेवलं, मारुतीच्या देवळापुढे. कारण गावची पोरंपोरीही आता घोडकड्यावर चढतात, व्हिडिओ काढायला. सिंधुबाईंनी आदल्या दिवशीच शिबिराच्या पंगतीसाठी भाकरीचं पीठ दळून आणलं.

"तू कशाला येती?" चिमाजी म्हणाले. "शेवंती खुडायची हाय."

"शेवंती काल खुडली. तुमच्यासंगंच."

"ऊन लय हाय."

"उन्हात पडून ऱ्हाणार तुम्ही, नि सावलीत बसून ऊन मला लागतं व्हय?"

"कटाळा यील. नुसतं बोलत्यात."

"आवं, तुमच्यासंगं जल्म काढला. कटाळ्याचं मला नका सांगू." मग जरा थांबून, "माझ्या पोराच्या नावाचं हाय. गावात हाय. मी नाय यायचं?"

चिमाजी मळ्यात गेले आणि विहिरीच्या आडोशाला उभं राहून त्यांनी पायलला फोन लावला.

"ताई, उद्या ते पाण्याचं... नाय सांगितलं तर चालंल का?"

"कुठलं पाण्याचं, काका?"

"उद्या अश्विनची आई येणार हाय." मग पायलचा आवाज आला, सुभेदारांचा नव्हे, तिचा स्वतःचा.

"मावशींनी पाजलं होतं?"

"हं."

"काका, ही पोरं उद्या-परवा त्याच कड्यावर जाणार."

"जाणार."

"मग मी काय करू, तुम्हीच सांगा."

"मी काय सांगू? मी जखमी."

शिबिराला गाव लोटला. चिमाजी सतरंजीवर आडवे झाले, डोळे मिटले. पायलने विचारलं, "हा माणूस बेशुद्ध आहे. श्वास चालू आहे. काय करायचं?"

"कांदा!" म्हाताऱ्या साळूबाई पुढूनच ओरडल्या. "कांदा फोडून नाकाला लावा."

"आणा की, कांदाचाळीत सडून चाललाय. कोणाच्या तरी नाकी लागंल," मागून कोणीतरी म्हणालं.

"त्यापरीस चप्पल हुंगवा. चिमातात्याचीच आणा. मेलेला उठंल."

मंडप हसला. पायलही हसली. "कांदा भाजीत घाला आणि चप्पल पायात. आणखी?" तिने दहावीतल्या आरोहीला पुढे बोलावलं. "तू ये. काका घोडकड्यावरून पडलेत. तू एकटीच आहेस. कर काय करायचं ते."

आरोही गुडघ्यावर बसली. तिच्या बांगड्या चिमाजींना कानाशी ऐकू आल्या. मग आणखी पावलं, ओळखीची, आणि ओळखीचा आवाज.

"आधी पाणी पाज गं बाई. हा घे तांब्या. बघ, ओठ कसे वाळलेत."

"हां, पाणी पाजा," मंडपातून कोणीतरी म्हणालं. मग दुसरं, मग सगळेच. "पाजा, पाजा." तोच आवाज. करंजाखाली होता तोच.

पायल बोलायला लागली आणि थांबली. ते थांबणं चिमाजींना स्पष्ट ऐकू आलं. वेळापत्रकात त्याला जागा नव्हती. ही पोरगी आता माझ्याकडे बघत असणार, त्यांनी ओळखलं. ती नाही बोलली, तर आरोही आज हेच शिकून घरी जाणार. ती बोलली, तर सिंधू ते परक्या बाईच्या तोंडून ऐकणार, चार माणसांत, आणि नवरा शेजारी मेल्यासारखा पडलेला.

तांब्याचा गार काठ ओठाला लागला.

बेशुद्ध माणूस आपल्या आपण कुशीवर वळला.

"पाणी नाय पाजायचं," चिमाजी म्हणाले. डोळे त्यांनी उघडले नाहीत. "बेशुद्ध माणूस पीत नसतो. ते घशात गुळगुळ वाजतं, ते पिणं नसतं. ते छातीत जातं."

"आरं, जखमी बोलला!" कोणीतरी हसलं आणि हसू अर्ध्यात ठेवून गप्प झालं. आरोहीने तांब्या हळूच बाजूला ठेवला. पायलने घसा साफ केला आणि म्हणाली, "बरोबर. आता मान कशी धरायची ते बघू या." पुढचा तासभर गावातल्या पोरांनी चिमाजींना पुन्हा पुन्हा कुशीवर वळवलं; शेवटी शेवटी फार छान वळवलं.

सिंधुबाईंनी पंगत वाढली. पिठलं, भाकरी, ठेचा. कोणाला काय हवं नको ते त्या रोजच्याच आवाजात विचारत होत्या. "तूबी बस गं," साळूबाई म्हणाल्या. "भूक नाय," एवढंच. ओळीच्या टोकाला अमित मान खाली घालून बसला होता. त्याच्यापुढे त्या थांबल्या, पानात आणखी एक भाकरी टाकली.

"जेव रे," म्हणाल्या. "तू तरी उचलून आणलंस त्याला."



घरी जाताना दोघं बांधावरून पुढेमागे चालत होते. सिंधुबाई पुढे. मागं न बघता त्यांनी विचारलं, "कवापासून ठाव तुम्हाला?"

"पहिल्या शिबिरापासून."

"दरसाल तिथं पडून हेच ऐकत व्हता?"

"हां."

"आन् घरी येऊन माझ्या हातचं पाणी पीत व्हता."

जे खरं होतं तेच चिमाजी म्हणाले.

"तहान लागायची."



मंडळाचा अहवाल यथावकाश सभासदांना पोचला. त्यात म्हटलं आहे: ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला. सरावादरम्यान जखमीने नियमबाह्य संभाषण केले, तथापि त्यामुळे प्रशिक्षणास बाधा आली नाही. भोजनव्यवस्था उत्तम होती. शिबिरात कोणासही इजा झाली नाही.

फोटोपुढचा तांब्या तेव्हापासून पालथा असतो.