बिनबोटांचे हातमोजे

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका वाचनालयात कारकून होतो. तिथे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं विणकामाचं एक इंग्रजी पुस्तक होतं. मुरगूडची एक बाई दर सोमवारी एसटीने येऊन त्यातले बिनबोटांचे हातमोजे विणायला बसायची. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी वाचून मराठीत सांगायचो, ती ओठ हलवत टाके मोजायची.

अंगठ्यापाशीची एक ओळ मला कळेना. तसं सांगायची लाज वाटली, म्हणून मी ती गाळून पुढचं वाचलं. अंगठा वाकडा आला. तिने सगळं उसवलं आणि लोकर गुडघ्याभोवती गुंडाळली. असं तीनदा झालं.

“पुस्तकातच चूक असेल,” मी म्हणालो.

“एवढं जुनं पुस्तक कसं चुकंल, सायेब? आन् तुमी तर शिकल्यालं. माझाच हात बिघडलाय की.”

मी मान डोलावली.

पुढच्या सोमवारी तिने सुया माझ्या टेबलावर ठेवल्या. “शिकणाऱ्या कुणाला तरी द्या,” म्हणाली आणि गेली. पुन्हा आली नाही.

तिचा हात चांगला होता. त्या सुया मी कुणालाच दिल्या नाहीत. दिल्या असत्या आणि त्या बाईंनी विणणं का सोडलं, असं घेणाऱ्याने विचारलं असतं, तर मला खरं सांगावं लागलं असतं.