जुन्या गावचा मारुती

शेंदराचा वास आला की मला लेकीच्या लग्नाची दुपार आठवते. भूकंपानंतर आमचं गाव नदीकाठ सोडून माळावर बसलं होतं, तरी नवरदेवाला मारुतीच्या पाया पडायला जुन्या गावातच न्यायचं, म्हणून मी अडून बसलो. व्याही चिडले. "पाहुणे, नव्या गावातबी मारुती हाय की." मी म्हणलं, "त्यो सरकारानं बसवलेला. माझ्या पोरीला जुन्या मारुतीनं लहानाचं मोठं होताना पाहिलंय." घोडी बाभळीच्या काट्यांत शिरेना, तेव्हा नवरदेव उतरून पायी निघाला. मी पुढं चालत सांगत होतो, ही वेस, ही निजामाच्या वक्ताची चावडी, हा गावचा आड. त्यांना नुसते दगडांचे ढीग दिसत होते. पाया पडून झाल्यावर जावई म्हणाला, "मामा, तुमचं घर कोणतं हो?" मी या ढिगावरून त्या ढिगावर फिरलो, पण माझं घर मला ओळखू येईना. व्याही हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पाहुणे, मुहूर्त टळायलाय." आता नातवंडं म्हणतात, आजोबा, एकदा जुनं गाव दाखवा. मी त्यांना गुडघे दुखतात म्हणून सांगतो.