जराशी कणकण

आम्हाला चिनी शिकवणाऱ्या लिनबाई पुण्यातल्या मे महिन्यातही थर्मासमधलं गरम पाणीच पितात. डोकं दुखो की पोट, त्यांच्या लेखी औषध तेच. सध्या आमचा दवाखान्याचा धडा चालू आहे. काय दुखतंय, कधीपासून, किती, हे नेमकं सांगायचं, मोघम बोलायचं नाही, असा बाईंचा दंडक.

काल त्या आल्या त्याच मुळी लाल डोळ्यांनी. वर्गातल्या कुलकर्णीकाकू निवृत्त नर्स. त्यांनी सरळ कपाळाला हात लावला. "अहो बाई, ताप आहे तुम्हाला!"

"काही नाही हो काकू," बाई मराठीत म्हणाल्या, "जराशी कणकण आहे. होईल बरं."

हे तर माझ्या आईचं वाक्य. सूर तोच, हात झटकणंही तेच. बाई जिथे भाड्याने राहतात, तिथल्या घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात ते कधीतरी त्यांच्या अंगात मुरलं असणार. माणूस कुठला, हे आपण त्याच्या खाण्यावरून, पासपोर्टवरून ठरवतो. तो दुखणं कसं लपवतो, ते बघतच नाही.

बाईंनी थर्मासच्या झाकणात पाणी ओतलं, दोन घोट घेतले आणि चिनीत मला विचारलं, काय होतंय?

पोट दुखतंय, कालपासून, फार, असं मी चोख चिनीत सांगितलं. मला काहीच होत नव्हतं.